साधं राहून लोकांच्या उपयोगी पडायचंय, घर सांभाळून जमतं का?

पेढीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा अमरावतीकडचा, नोकरी सगळी एसटीत झाली, नुकताच रिटायर झालो आणि आता मुलाकडे डोंबिवलीला असतो. पेन्शन नावालाच आहे पण ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत आहेत, मुलगा-सून दोघं कमावतात, त्यामुळे पोटाची काळजी नाही. तब्येत पण देवाच्या दयेने ठीक.

मुद्दा असा की आमच्या घरात गाडगेबाबांना फार मानतात. आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलेलं, दर 20 डिसेंबरला पुण्यतिथीला आम्ही गाडगेनगरला समाधीला जायचो, तिथलं अन्नदान बघतच लहानाचा मोठा झालो. नोकरीत असताना नुसतं मनात यायचं की आपण पण काही करावं. आता वेळ आहे. मध्यंतरी शेजारच्यांबरोबर परळला टाटा हॉस्पिटलला बऱ्याच वेळा जाणं झालं, बाहेर फुटपाथवर बायका-पोरं घेऊन बसलेली माणसं, कोणी यवतमाळचं कोणी बिहारचं, हातात एक्स-रेच्या पिशव्या, आणि त्यांना पुढची तारीख कुठली, रिपोर्ट कुठे मिळतो हे सुद्धा धड कळत नसतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मला विचारायचंय ते हे. एक तर माझा खर्च अजून कमी करून राहावं असं वाटतं, म्हणजे दोन जोड कपडे, साधं जेवण, गाडी वगैरे नको, पण घरातल्यांना हे आवडेल असं नाही. मिसेस म्हणतात आयुष्यभर काटकसरच केली, आता तरी जरा मोकळं राहू. दुसरं म्हणजे मी डॉक्टर नाही, वकील नाही, तिकीट फाडणारा माणूस, मला काय येतं? नातेवाईक म्हणतात एखाद्या संस्थेला चेक दे आणि गप बस. आणि तिसरी भीती मनातली सांगतो, असं काही करायला लागलं की माणूस स्वतःला मोठा समजायला लागतो, तसं मला व्हायचं नाहीये. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

बाप्पा_मुर्तिजापूर

भाऊ, जय गोपाला. तुमचा प्रश्न वाचून लय बरं वाटलं. आमच्या मुर्तिजापूरला बाबांनी उभी केलेली गोरक्षण संस्था आणि धर्मशाळा आहे, त्यामुळे त्यांच्या गोष्टी आमच्याकडे घराघरात सांगतात.

तुम्ही खर्च कमी करण्यापासून सुरुवात करताय. मला वाटते तिथं जरा थांबा. बाबांच्या चिंध्या, एका कानात कवडी, डोक्यावर गाडगं, हे लोकांच्या डोळ्यात भरते म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. पण त्यांची कामाची पद्धत बघा ना. गावात शिरले की पाटलाच्या वाड्यावर नाही जायचे, सरळ खराटा घेऊन झाडायला लागायचे. कोणाला विचारत नव्हते, कोणाला झाडा म्हणत नव्हते. गाव बघायचं की हा कोण वेडा आला, मग एक-दोघं लाजून हात लावायचे, संध्याकाळपर्यंत गाव लख्ख आणि मग रात्री कीर्तन. भाकर मागायची ती पण काम करून. आधी काम मग बोलणं, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. अंगावर चिंध्या असल्यामुळे एक झालं, की गावातला सगळ्यात गरीब माणूस सुद्धा त्यांच्याजवळ येऊन बसू शकायचा. साधेपणाचा उपयोग हा आहे, माणूस जवळ यायला घाबरत नाही. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून जरी फुटपाथवर त्या माणसाच्या शेजारी बसलात तरी तेच झालं. त्यासाठी घरात भांडण कशाला?

आता तुमची तिसरी भीती. बाबांनी केवढं उभं केलं बघा, ऋणमोचनला पूर्णेवर घाट, 1917 साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, पुढे नाशिक, आळंदी, मुंबईत जे.जे.जवळ पेशंटच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा. शाळा, वसतिगृहं वेगळीच. आणि हा माणूस स्वतः निरक्षर! पैसा लोकांचा आला, लाखांनी आला, पण इमारतींवर स्वतःचा हक्क ठेवला नाही आणि घरच्यांचाही ठेवू दिला नाही. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा तर 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही असं सांगायचे, पाया पडू द्यायचे नाहीत. मला वाटते अहंकार घालवायचा म्हणून ते काही वेगळं करत बसले नाहीत, काम झालं की दुसऱ्याच्या हातात देऊन पुढच्या गावाला निघायचे, एवढंच. एका जागी बसून राहिलं की मग खुर्ची येते, हार येतात.

आमच्या गावातली एक गोष्ट सांगतो. 2000 साली आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा आमचं गाव पण उतरलं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी अख्खं गाव झाडायला, ढोल-ताशे, फोटो. रस्ता झाडून झाला, सगळे चहाला गेले. नालीचं तोंड मात्र तसंच, तिथं पन्नी, राख, कुजलेला कडबा अडकलेला, तो काढायचा म्हणजे हात घालावा लागते. एक म्हातारे बुवा होते, कोरडवाहू दोन एकराचे मालक, त्यांनी धोतर खोचलं आणि फावड्यानं ते तोंड मोकळं केलं, मग हातानं राहिलेलं काढलं. पाणी वाहायला लागलं. अभियान संपलं तरी ते दर बुधवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, हे काम करत राहिले कारण बाजाराचा कचरा तिथंच येऊन अडकते. ते गेल्यावर तिथं पाणी तुंबायला लागलं तेव्हा गावाला कळलं की हे कोण करत होतं. भाऊ, तुमचं नालीचं तोंड कुठं आहे ते शोधा, बाकी आपोआप जमते.

नीलिमा_परळ

काका, मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून बरीच वर्षं जाते आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. तुम्हाला काय येतं विचारता? तुम्ही एसटीत होतात ना, मग गर्दीत न चिडता एकच उत्तर शंभर वेळा द्यायची सवय तुम्हाला आहे. आम्हाला नेमकी तीच माणसं मिळत नाहीत. उत्साहाने येणारे खूप असतात, पण तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

काम कसं असतं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. गावाकडून माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे कागदांचं गाठोडं असतं, जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, मेडिकलची बिलं, सगळं एकाच पिशवीत. आम्ही आधी त्याला बाकावर बसवतो आणि ते सगळे कागद तारखेप्रमाणे लावतो. बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर. एक साधी प्लास्टिकची फाइल देतो. मग एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, उद्या सकाळी किती वाजता, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, उपाशी यायचं की खाऊन यायचं. मराठीवाल्याला मराठीत, हिंदीवाल्याला हिंदीत. तो कागद ती माणसं देवाच्या अंगाऱ्यासारखा जपून खिशात ठेवतात. आतले डॉक्टर आणि सिस्टर हे सगळं सांगतातच हो, पण कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं काही डोक्यात शिरत नाही, कोणाच्याच नाही.

दुसरं मोठं काम म्हणजे योजनांचे कागद. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागतं, आणि निम्म्या वेळा गोची तिथेच होते, रेशन कार्डावर शांताबाई आणि आधारवर शांता, किंवा सुनेचं नाव चढवलेलंच नाही. मग गावाकडे फोन, तहसीलमध्ये कोणाला तरी पाठवा, फोटो व्हॉट्सअपवर मागवा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते, त्याचा ठरलेला फॉर्म असतो त्यावर डॉक्टरची सही-शिक्का घ्यावा लागतो, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि ते पूर्ण तिकीट काढून ये-जा करत राहतात. राहायची सोय विचारली तर दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाला येणारे किती तरी पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे अगदी नाममात्र पैशात राहतात. जागा मिळेलच असं नसतं, म्हणून आम्ही आधी फोन करून मगच पाठवतो, आजारी माणसाला परळहून दादरला नुसती फेरी पडू नये.

आणि काय करायचं नाही ते पण ऐका. सगळं बरं होईल असं कोणाला सांगायचं नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आपल्या ओळखीतल्या कोणाला कुठल्या काढ्याने फरक पडला ते तर अजिबात नाही. पेशंटबरोबर फोटो नाही. पैसे हातात द्यायचे नाहीत, गरज दिसली तर सोशल वर्करला सांगायचं, त्यांच्याकडे खरंच कोणाला कशाची गरज आहे त्याची नोंद असते. मला सुरुवातीला हे नियम फार कोरडे वाटायचे, आता वाटतं यातला प्रत्येक नियम पेशंटची लाज राखण्यासाठी केलेला आहे.

कुंदा_ज

सगळे छान लिहितायत पण मला काकूंची बाजू मांडायची आहे.

माझे वडील समाजकार्यात होते. खरे होते, एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, गावात अजून त्यांचं नाव निघतं. पण घरी कधीही दहा माणसं जेवायला घेऊन यायचे, आणि आईने कोणाकडून पीठ उसनं आणलं हे त्यांना कधी कळलं नाही. माझ्या भावाची परीक्षेची फी राहिली त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या मुलाची फी भरली होती. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि रागही आहे, दोन्ही आहे, आणि मला वाटतं दोन्ही बरोबर आहे.

गाडगेबाबांनी 1905 साली घर सोडलं तेव्हा कुंताबाई आणि लेकरं मागे राहिली. मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना कीर्तनात मिळाली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट आपण सगळे मोठ्या अभिमानाने सांगतो. मी ही लहानपणी सांगितली आहे. पण तेव्हा गोविंदाच्या आईने काय केलं असेल हे कोणी सांगत नाही. नवऱ्याने बांधलेल्या धर्मशाळा गावोगाव होत्या आणि कुंताबाई झोपडीत राहिल्या असं म्हणतात. बाबा बाबाच होते, त्यांच्याविषयी मी काही वावगं बोलणार नाही. पण कुंताबाईंचं गरिबीत राहणं हे त्यांनी स्वतः निवडलेलं होतं का, एवढं तरी आपण मनात आणलं पाहिजे.

तर दादा, तुम्हाला दोन जोड कपड्यात राहायचं असेल तर खुशाल राहा, पण काकूंना तसं राहायला लावू नका, आणि त्यांनी नवी साडी घेतली तर तुमच्या चेहऱ्यावर नाराजी पण दिसता कामा नये. आमच्या घरी ती दिसायची. आई मग साडी घ्यायचीच नाही. आधी दोघांनी बसून ठरवा, महिन्याला किती रुपये बाहेर जातील, आठवड्यात किती दिवस. काकूंनी हो म्हटलं तर ठीक, नाही म्हटलं तर थोडं कमी करा. त्यांना कुठे जायचं होतं, अष्टविनायक, नर्मदा, माहेर, ते आधी करून या की. एसटीवाल्याच्या बायकोला नवऱ्याबरोबर सण कधी मिळाला असेल?

मेळघाट_परत

मी स्वतः आरोग्य खात्यात होतो, बरीच वर्षं धारणी-चिखलदरा भागात काढली. नीलिमाताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के. त्यात माझी एकच भर, आधी विचारा आणि मग शिका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग 1986 ला गेले. दवाखाना कसा हवा हे त्यांनी तिथल्या आदिवासी लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची, लांबलचक वॉर्डांची लोकांना भीती वाटायची, नातेवाईकांना बाहेर काढतात तेही नको होतं. म्हणून शोधग्रामचा, म्हणजे त्यांच्या संस्थेच्या वस्तीतला, दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. पुढे गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाला न्यूमोनिया आहे का ते ओळखायला एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात, आणि ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी मणी सरकवत मोजायचं साधं यंत्र बनवलं. मला यातली नम्रता फार मोठी वाटते. समोरच्याला येत नाही म्हणून त्याला बाजूला नाही केलं, आपलं साधन त्याच्या हाताला बसेल असं केलं.

आणि मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे. फी एक-दोन रुपये, हे सगळ्यांना माहीत आहे, 2019 ला त्यांना आणि स्मिताताईंना पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी की एमबीबीएस होऊन तिथे गेल्यावर एवढ्याने भागत नाही हे त्यांनी ओळखलं आणि परत जाऊन एम.डी. केलं. नुसती तळमळ घेऊन बसले नाहीत. तुम्हाला आता एम.डी. करायचं नाहीये, पण योजनांचे नियम पाठ करा, फॉर्म भरायला शिका, मोबाइलवर अपॉइंटमेंट कशी घेतात ते मुलाकडून शिकून घ्या. चुकीची माहिती प्रेमाने दिली तरी पेशंटची गाडी चुकते ती चुकतेच.

ओंकार_९१

काका मी वयाने लहान आहे पण एक सांगतो. चेक देऊन गप बस म्हणतात त्यात पण वाईट काही नाही, फक्त तेवढ्यावर थांबू नका. आणि घरातल्या तरुण मंडळींना सांगा प्लेटलेट डोनेट करायला. कॅन्सरच्या पेशंटला केमोमध्ये प्लेटलेट सारख्या लागतात आणि त्या रक्तासारख्या महिनाभर टिकत नाहीत, जेमतेम पाच दिवस, त्यामुळे कायम तुटवडा. मशीनवर साधारण तास-दीड तास लागतो, रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही. मी ऑफिस सुटल्यावर जाऊन येतो. कोणाला दिलं ते कळत पण नाही आणि ते मला बरं वाटतं.

पेढीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंदाताई, तुमचं लिहिणं मिसेसना वाचून दाखवलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या या बाईंना माझा नमस्कार सांगा. आमचं ठरलंय ते असं, आधी माहूर आणि मग तिच्या बहिणीकडे दर्यापूरला जाऊन येणार, जाताना घाई न करता. त्यानंतर आठवड्यातले दोन दिवस माझे, बाकी घराचे. पैशाचा आकडा तिने ठरवला आणि खरं सांगतो मी मनात धरलेल्या रकमेपेक्षा तो जास्त निघाला. कपड्यांचा विषय मी सोडून दिला, आहेत ते फाटेपर्यंत वापरीन, एवढं पुरे.

बाप्पा, नालीचं तोंड सापडलं असं वाटतंय. मला ते कागद लावायचं काम करायचंय. तिकिटांचा हिशोब आयुष्यभर लावला, वेबिल कधी चुकलं नाही, त्यामुळे कागद माझ्या हातून इकडेतिकडे होणार नाहीत. ओंकार, मुलाला सांगितलंय, तो या शनिवारी जातोय.

नीलिमाताई, दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. मला इंग्रजी वाचता येतं पण डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, चालेल का? आणि नाव नोंदवायला कुठे यायचं?

नीलिमा_परळ

काका, डॉक्टरांचं अक्षर आम्हालाही लागत नाही, तेव्हा सरळ सिस्टरांना जाऊन विचारायचं, अंदाजाने काही लिहायचं नाही. मी तुम्हाला मेसेज केलाय त्यात पत्ता आहे. माहूरहून आलात की मंगळवारी सकाळी साडेसातला या, आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज दोन फोटो आणा. पहिले काही आठवडे तुम्ही माझ्या शेजारी नुसते बसाल, फाइल हातात देणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. डबा आणा, आणि चपला आरामाच्या घाला, उभं राहायचं काम आहे.

कुंदा_ज

काकूंना माझाही नमस्कार सांगा. आणि त्यांनाही एखाद्या मंगळवारी घेऊन जा, त्यांची इच्छा असेल तर. तिथे येणाऱ्या पेशंटमध्ये निम्म्या बायकाच असतात, आणि त्यांना बाई माणसाशीच बोलावंसं वाटतं.